‘सफीनस’ कीं ‘सॅफिनस’? एका शिरेच्या नांवाची चिकित्सा

पायाच्या आंतल्या घोट्यापुढून निघून पोटरी व मांडी यांच्या आंतील अंगानें जांघेपर्यंत चढत जाणारी जी शीर, ती मनुष्यशरीरांतील सर्वांत लांब शीर होय. इंग्रजी शारीरग्रंथांत तिचें नांव ‘सफीना’, व त्यावरून झालेलें विशेषण ‘सफीनस’. इ. स. १९६७ मध्यें अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें रेने फावालोरो ह्या आर्जेंटिनी शस्त्रवैद्यानें ह्याच शिरेचा तुकडा घेऊन हृदयाच्या तुंबलेल्या धमनीस वळसा देण्याची रीत प्रचारांत आणिली. तेव्हांपासून हें नांव शस्त्रवैद्यांच्या दालनांतून निघून रोग्यांच्या व त्यांच्या आप्तांच्या तोंडीं आलें आहे. असा शब्द इतिहाससंशोधकांच्या त्रैमासिकांत कां आणावा, असें कोणी विचारील. उत्तर इतकेंच कीं, हा शब्द शरीर फाडून सांपडलेला नाहीं, तो हस्तलिखितांतून आलेला आहे. आणि त्याची जी व्युत्पत्ति आज वैद्यकीय पुस्तकांत सांगितली जाते, ती सांगणारांनीं शरीर पाहिलें आहे, हस्तलिखित पाहिलेलें नाहीं.

इंग्रजींत ह्या विशेषणाचे दोन उच्चार चालतात, आणि दोन्ही कोशमान्य आहेत. स-फी-नस ह्या तीन अक्षरांपैकीं दुसऱ्यावर आघात देणारा उच्चार अधिक रूढ आहे. दुसरा पहिल्या अक्षरावर आघात देऊन ‘सॅफिनस’ असा करितात. हा भेद केवळ बोलण्याच्या लकबीचा नव्हे. लॅटिन शब्दांच्या उच्चाराचा नियम असा कीं, शेवटून दुसरें अक्षर दीर्घ असेल तर आघात त्यावर पडतो, आणि तें ऱ्हस्व असेल तर आघात मागें सरून तिसऱ्यावर जातो. म्हणजे मधला ‘फे’ दीर्घ कीं ऱ्हस्व, ह्यावर उच्चार ठरणार; आणि तो दीर्घ कीं ऱ्हस्व, हें शब्द कोठून आला ह्यावर ठरणार. ‘सफीनस’ म्हणणारा मनुष्य, त्याला ठाऊक असो वा नसो, एका व्युत्पत्तीच्या बाजूनें मत देत असतो.

ती व्युत्पत्ति ग्रीक. ग्रीक भाषेंत ‘साफेनेस’ असें एक विशेषण आहे. त्याचा अर्थ स्पष्ट, उघड. घोट्याजवळ ही शीर कातडीखालीं ठळक दिसते, म्हणून तिला ‘उघड दिसणारी’ असें नांव पडलें, असें एकोणिसाव्या शतकांतील वैद्यकीय कोश सांगत आले व आजही पुष्कळ पुस्तकें सांगतात. दुसरें मत अरबीचें. ‘अस्साफिन’ हें ह्या शिरेचें अरबी नांव. त्यावरून लॅटिन ‘साफेना’ झालें. व्हिएन्ना येथील विख्यात शारीरज्ञ योसेफ हर्टल ह्यानें इ. स. १८७९ मध्यें शारीरशास्त्रांतील अरबी व हिब्रू शब्दांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून ह्या पक्षास बळ दिलें, आणि ऑक्सफर्डच्या बृहत्कोशानेंही अरबी मूळच दिलें आहे. येथपर्यंत ठीक. परंतु अलीकडे अरबी पक्षाच्या पाठीवर बसून एक नवीच गोष्ट चालूं लागली आहे. ती अशी कीं, ‘साफिन’ ह्याचा अरबींत अर्थ ‘लपलेली’ असा होतो. इ. स. २००२ मध्यें रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेस वाहिलेल्या एका अमेरिकन नियतकालिकांत ह्या मताचा पुरस्कार झाला, व तेव्हांपासून तें हातोहात फिरत आहे. एकाच शिरेला एक पक्ष ‘उघडी’ म्हणतो, दुसरा ‘लपलेली’ म्हणतो. आणि गंमत अशी कीं दोघांचाही आधार शरीरच आहे. घोट्याशीं ती उघडी आहे हें खरें. मांडींत ती एका पातळ आवरणाच्या पदरांत झांकलेली असते हेंही खरें. शरीर दोघांचीही साक्ष देतें, म्हणूनच ती साक्ष निरुपयोगी आहे.

प्रथम ग्रीक पक्ष तपासूं. एखादा शब्द ग्रीक आहे असें म्हणण्यापूर्वीं तो ग्रीकांनीं वापरला होता हें दाखवावें लागतें. ‘साफेनेस’ हा शब्द ग्रीक आहे ह्यांत वाद नाहीं. पण शिरेचें नांव म्हणून तो ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांत आढळत नाहीं. गेलनानें रक्तमोक्षावर स्वतंत्र प्रकरणें लिहिलीं आहेत. पायांतून रक्त काढावयाचें तेव्हां तो घोट्याजवळची शीर, गुडघ्यामागची शीर, असा स्थळानें निर्देश करितो. आपल्याकडे सुश्रुताची रीत ह्याच जातीची आहे. शारीरस्थानांत सातशें शिरा सांगून झाल्यावर वेधाची जागा दाखवितांना तो क्षिप्र मर्माच्या वर दोन अंगुळें, गुडघ्याच्या सांध्याच्या वर किंवा खालीं चार अंगुळें, असें मापच देतो. त्या त्या शिरेस स्वतंत्र नांव देण्याच्या भरीस पडत नाहीं. शिरांस एकेकटीं नांवें देऊन त्यांची यादी लावणें हें अरबी वैद्यकांत ठळकपणें दिसतें. तेव्हां ‘साफेना’ हें नांव ग्रीकांपासून आलें म्हणणें म्हणजे ज्या घरीं मूल जन्मलें नाहीं त्या घरचा जन्मलेख दाखविण्यासारखें आहे.

ह्यावर ग्रीकवादी एक तोड काढतात. ग्रीक ग्रंथ नवव्या शतकांत बगदाद येथें हुनैन इब्न इसहाक व त्याच्या मंडळीनें अरबींत आणिले. त्या वेळीं एखादा ग्रीक शब्द अरबी वेष घेऊन ‘साफिन’ झाला असेल, असें ते म्हणतात. ही शंका विचार करण्याजोगी आहे, कारण असें पुष्कळ शब्दांचें झालें आहे. इब्न सीनाच्या ‘अल्-कानून फित्तिब्ब’ ह्या महाग्रंथांत, फसद म्हणजे शीर तोडण्याच्या प्रकरणांत, हाताच्या शिरांचीं जीं नांवें येतात त्यांत ‘कीफाल’ व ‘बासिलीक’ हीं दोन सरळ ग्रीकांतून आलेलीं आहेत. एकाच्या पोटीं मस्तकवाचक शब्द आहे, दुसऱ्याच्या पोटीं राजवाचक. त्याच प्रकरणांत पुढें पायाच्या शिरा येतात, त्यांत ‘साफिन’ आहे. आतां तिन्ही शब्द एकाच पानावर लिहिलेले आहेत असें समजून त्यांचीं अक्षरें पाहावीं.

‘बासिलीक’ मधला सकार अरबी लेखक ‘सीन’ ह्या अक्षरानें लिहितात. ‘साफिन’ मधला सकार ‘साद’ ह्या दुसऱ्याच अक्षराचा आहे. ग्रीक सकारासाठीं भाषांतरकार सामान्यतः सीन योजीत. साद योजिल्याचीं उदाहरणें आहेत, म्हणून एवढ्यानेंच निकाल लागत नाहीं. पुढें पाहावें. ‘बासिलीक’ मध्यें शेवटचा ईकार ‘ये’ घालून लिहिलेला आहे. ग्रीकांतला ऱ्हस्व इकारसुद्धां तेथें दीर्घ झालेला आहे. ग्रीक ‘साफेनेस’ मधला एकार तर मुळांतच दीर्घ. तो अरबींत येता तर ‘साफीन’ असा, ये घालून, आला असता. पण शब्द आहे साद, अलिफ, फे, नून, ये नाहीं. हरकती न घातलेल्या हस्तलिखितांतही हें स्पष्ट दिसतें, कारण हा प्रश्न हरकतीचा नसून अक्षराचा आहे. ‘सा’ दीर्घ आहे ह्यावर मात्र भर देऊं नये. ‘बासिलीक’ मधला ‘बा’ देखील मूळच्या ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला आहे, तेव्हां तो पुरावा दोन्हीकडे सारखाच.

मग ‘साफिन’ हा कोणत्या घडणीचा शब्द? मराठी वाचकास ही घडण अपरिचित नाहीं. हाजिर, गाफील, काबील, कातिब, साहेब हे सर्व एकाच सांच्याचे अरबी शब्द आहेत: पहिल्या व्यंजनापुढें दीर्घ आ, दुसऱ्यापुढें ऱ्हस्व इ. ‘साफिन’ त्याच सांच्यांतला. त्याचा धातु साद-फे-नून अरबींत स्वतंत्र नांदत होता. तीन पायांवर भार देऊन चौथ्याचें खूर टोंकावर टेकवून उभा राहणारा घोडा तो ‘साफिन’. ह्या अर्थाचें बहुवचन कुराणाच्या अडतिसाव्या सुरेंत येतें, म्हणजे बगदादच्या भाषांतरांपूर्वीं दोनशें वर्षें. अरबी कोशकार ह्याच धातूखालीं पायाच्या शिरेचाही अर्थ नोंदतात. ‘कीफाल’ ह्या शब्दापुढें मात्र ते ‘मुअर्रब’, म्हणजे परकी शब्दाचें अरबी केलेलें रूप, असा शेरा मारतात. परकें कोणतें व घरचें कोणतें ह्याची ज्यांना इतकी जाण होती त्यांचें म्हणणें बाजूस सारावयाचें, तर कांहीं सबळ कारण दाखवावें लागेल. तें कोणी दाखविलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां ‘लपलेली’ ह्या अर्थाकडे वळूं. वरील मताचे पुरस्कर्ते हा शब्द ‘एल् साफिन’ असा लिहितात. सादपूर्वीं अरबी उपपदांतला लकार उच्चारांत लोपतो व साद द्वित्त होतो. निजाम अल्-दीन असें लिहिलें तरी आपण निजामुद्दीन म्हणतों, तसेंच हें ‘अस्साफिन’. ‘एल् साफिन’ हें रूप कानानें ऐकलेलें नव्हे, युरोपीय पुस्तकांतून उतरून घेतलेलें आहे. एवढ्यावरून मत खोटें ठरत नाहीं. पण तें कोणत्या वाटेनें आलें हें कळतें. खरा आक्षेप पुढेंच आहे. साद-फे-नून ह्या धातूचे जे अर्थ कोशांत आहेत, त्यांत घोड्याचें उभें राहणें आहे, चामड्याची पिशवी आहे, शीर आहे. ‘लपणें’ हा अर्थ नाहीं. आणि इब्न सीना स्वतः काय लिहितो? साफिन ही घोट्याच्या आंतल्या बाजूस असून ती ‘इर्कुन्नसा’ ह्या दुसऱ्या शिरेपेक्षां अधिक उघड दिसते, असें तो सांगतो. यकृताच्या खालच्या अवयवांतील रक्त काढण्यास व स्त्रियांचा अडलेला विटाळ मोकळा करण्यास तिची फसद घ्यावी, असें पुढें म्हणतो. ज्या ग्रंथांतून हें नांव युरोपांत गेलें त्याच ग्रंथांत ती शीर उघड दिसते असें लिहिलेलें असतां, तिचें नांव ‘लपलेली’ असें कसें ठरवावें? शीर तोडणारा हकीम लपलेली शीर शोधीत बसत नाहीं. त्याचा सगळा व्यवहार घोट्याशीं होता; मांडींतल्या आवरणाशीं त्याला कर्तव्य नव्हतें. त्या आवरणाचें वर्णन पुरस्कर्त्यांनीं चांगलें केलें आहे आणि शस्त्रवैद्यांना त्याचा उपयोगही आहे. फक्त तें नांवाच्या गळ्यांत बांधावयास नको होतें.

इब्न सीनाच्या ह्या वाक्यावर ग्रीकवादी झडप घालण्याचा संभव आहे: पाहा, उघड दिसते असें त्यानेंच म्हटलें! पण त्यानें तेथें ‘जाहिर’ ह्या नेहमींच्या शब्दाचें तरतमवाचक रूप योजिलें आहे, व तें दोन शिरांची तुलना करण्यासाठीं. नांवाचा अर्थ सांगण्यासाठीं नव्हे.

ही खोड एका शब्दापुरती नाहीं. कीफाल म्हणजे अरबींत ‘बाहेरची’ आणि बासिलीक म्हणजे ‘आंतली’, असेंही अनेक पुस्तकांत छापलेलें आढळतें. कीफाल दंडाच्या बाहेरच्या अंगास असते व बासिलीक आंतल्या, म्हणून अर्थही तसेच! दोन्ही शब्द ग्रीकांतून अरबींत आलेले. त्यांचा बाहेर-आंतशीं कांहीं संबंध नाहीं. उलट, ज्या अरबी शब्दाचा लॅटिनांत खरोखरच अर्थ घेतला गेला त्याची कथा अधिक मनोरंजक आहे. करंगळीजवळच्या शिरेस अरबींत ‘उसैलिम’ म्हणत. धातु सीन-लाम-मीम, सलामत ह्या आपल्या ओळखीच्या शब्दाचा. लॅटिन भाषांतरांत तिची ‘साल्वातेल्ला’ झाली, म्हणजे लहानशी तारणारी. मेंदूवरील जाड आवरणास लॅटिनांत ‘कठीण माता’ म्हणतात, तेंही अरबींतल्या मातृवाचक शब्दाचें भाषांतर. म्हणजे लॅटिन पंडितांपुढें दोन वाटा होत्या: अर्थ कळला तर भाषांतर, न कळला तर ध्वनि जसाच्या तसा. ‘साफिन’ शब्दाचें भाषांतर झालें नाहीं, ध्वनिच राहिला. त्याचा अर्थ ‘उघडी’ किंवा ‘लपलेली’ असा सोपा असता तर क्रेमोनाच्या जेरार्डसारख्या मनुष्यानें त्याचें लॅटिन केलें नसतें काय? हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण दोन्ही प्रचलित मतांस तो सारखाच बाधतो.

व्युत्पत्ति जुळविणें किती सोपें असतें ह्याचा एक मासला येथें देतों. सुश्रुतसंहितेचें अरबी भाषांतर बर्मकी वजिरांच्या काळीं बगदादेस झालें होतें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. सुश्रुत वातदूषित रक्तास ‘फेनिल’ म्हणतो. तेव्हां फेंसाळ रक्ताची शीर ती ‘स-फेना’. तीच बगदादेस ‘साफिन’ व तोलेदोस ‘साफेना’ झाली! कालक्रम जुळतो, ध्वनि जुळतो, वैद्यक जुळतें, स्वदेशाचा गौरवही होतो. अडचण एकच कीं, ‘सफेना’ नांवाची शीर कोणत्याही संस्कृत पोथींत नाहीं. ग्रीक व्युत्पत्ति ह्याच मापानें मोजावी; ‘फडणीस’ शब्दास फडावर बसवून त्याच्यामागचा ‘फर्दनवीस’ विसरणारांनींही मोजावी.

आतां लॅटिन प्रवासाकडे. जेरार्ड इ. स. ११८७ मध्यें वारला. तोलेदो येथें राहून त्यानें कानूनचें जें लॅटिन केलें तेंच पुढें युरोपांतील विद्यापीठांत शतकानुशतकें शिकविलें गेलें. लॅटिनांत सीन व साद ह्यांचा भेद राहिला नाहीं. आपल्या मोडींतही सरदार व साहेब एकाच सकारानें लिहितात. शीर ह्या अर्थाचा लॅटिन शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘साफेन’ला शेवटीं आकार लागला. फकारासाठीं ग्रीक शब्दांत योजावयाचें जोडाक्षर लेखकांनीं येथें योजिलें, आणि शब्दास ग्रीक पागोटें चढलें. मध्ययुगीन प्रतींत ‘साफेना’ बरोबर ‘सोफेना’ असाही पाठ सांपडतो; ग्रीक ‘साफेनेस’ लेखकाच्या मनांत असता तर पहिल्या स्वराची अशी ओढाताण झाली नसती. पुढें बेल्लूनोचा आंद्रेया आल्पागो ह्यानें दमास्कस येथें दीर्घकाळ राहून अरबी प्रतींवरून जेरार्डचें भाषांतर सुधारिलें व अरबी शब्दांचा कोश जोडिला. तें काम इ. स. १५२७ मध्यें व्हेनिस येथें छापलें गेलें. मूळ अरबी कानून इ. स. १५९३ मध्यें रोम येथें मुद्रित झाला. म्हणजे ज्याला ताडून पाहावयाचें होतें त्याला चार शतकांहून अधिक काळ साधन हातीं होतें.

मधल्या इकाराचा एकार कसा झाला, ह्यासाठीं ग्रीकांकडे जाण्याची गरज नाहीं. अरबी ‘साहिब’ मराठींत ‘साहेब’ झाला. तेथें हकाराचें सान्निध्य कारण असेल असें म्हटलें तरी ‘गाफिल’चा ‘गाफील’ व ‘काबिल’चा ‘काबील’ आहेतच. उसना शब्द घेणारी भाषा आपल्या सोयीनें स्वर लांबविते. लॅटिनांत एकार आला. मग ग्रीक शिकलेल्या पंडितांनीं त्यांत आपला दीर्घ एकार ओळखला, आघात त्यावर दिला, आणि तोच उच्चार इंग्रजीनें उचलिला. ‘सफीनस’ हा उच्चार ग्रीक उगमाचा पुरावा नव्हे, ग्रीक समजुतीचा वण आहे. अरबी मात्रा पाळावयाच्या तर मधलें अक्षर ऱ्हस्व, आघात पहिल्यावर, आणि ‘सॅफिनस’ हाच उच्चार मुळाशीं जवळचा ठरतो. इंग्रजांनीं काय म्हणावें हें आपण ठरवूं नये. रूढि कोशाहून बलवत्तर असते.

मराठींत काय लिहावें हें मात्र आपल्या हातीं आहे. उद्यां कोणी परिभाषाकार ह्या शिरेस ‘व्यक्ता’ किंवा ‘गूढा’ असें संस्कृत नांव देईल, तर तो एका चुकीच्या व्युत्पत्तीस देववाणीचा शिक्का देईल. आणि असे शिक्के एकदां बसले म्हणजे पुसत नाहींत. युनानी तबीब ह्या शिरेस आजही ‘साफिन’च म्हणतात. इंग्रजींतून फिरून आलेल्या ‘सॅफेनस’पेक्षां ‘साफिन शीर’ हें जुन्याचेंच रूप मराठी जिभेस सुलभ आहे.

दक्षिणेंतील खासगी संग्रहांत दफ्तरांबरोबर आलेलीं तिब्बचीं फारसी व अरबी हस्तलिखितें असतात, आणि त्यांत इतिहास नाहीं म्हणून तीं रुमालांत बांधूनच राहतात. ज्याचा इतिहास आपण रोज उघडतों तो विजापूरचा फिरिश्ता स्वतः वैद्यकावर ग्रंथ लिहून गेला, हें त्या रुमालांच्या धन्यांनीं ध्यानांत घ्यावें. अशी पोथी ज्यांच्यापाशीं असेल त्यांनीं फसदीचें प्रकरण काढून पायाच्या शिरांचें पान पाहावें. नांव सादनें लिहिलें आहे कीं सीननें, फे व नून ह्यांमध्यें ये आहे कीं नाहीं, हरकती असल्यास फे खालीं जेर आहे काय, समासांत अर्थ सांगणारी टीप आहे काय, आणि नकल केल्याचें हिजरी वर्ष कोणतें, एवढ्या पांच गोष्टी उतरून मंडळाकडे पाठवाव्या. टीप असल्यास ती अक्षरशः, शुद्ध न करितां.